कोंबडीच्या पिल्लाला उभंच राहता येत नाहीये, मदत हवी

रानजाई
मंडळी, घाईत लिहितेय. साधारण दीड महिन्याचं कोंबडीचं पिल्लू आहे. सकाळी खुराडं उघडलं तर दाराजवळच्या जाळीच्या फटीत उजवा पाय अडकून उलटं लोंबकळत होतं. रात्री कधी अडकलं देव जाणे. जाळी कापून सोडवलं, पण तेव्हापासून उजव्या पायावर भारच देत नाही. उठायला बघतं, पंख जमिनीला टेकवून जरा पुढे सरकतं आणि कुशीवर पडतं. पाय मागे वाकतो तो सांधा सुजलाय, हाताला गरम लागतो. मांडीवर एक जखम आहे. ती जाळीची वाटत नाही, बाकीच्यांनी टोचून केली असावी. मी गेले तेव्हा दोघं तिथेच चोची मारत होती.

डोळे उघडे आहेत, पुढ्यात दाणे धरले तर दोन-चार टिपतं. जनावरांचे डॉक्टर परवाशिवाय येऊ शकत नाहीत. तोवर काय करू? पट्टी बांधू का? दुखायची गोळी कुटून देता येते का? इतरांत ठेवू की वेगळं?

दाणापाणी
आधी वेगळं काढा, बाकी सगळं नंतर. रक्त दिसलं की कोंबड्या थांबत नाहीत, एका घाण्यातली भावंडं असली तरी. आणि जे उठून पळू शकत नाही त्याला तर अजिबात सोडत नाहीत.

रात्रभर उलटं लटकलेलं पिल्लू आहे, म्हणजे पायाच्या आधी धक्क्याचा विचार करा. खोकं, खाली टॉवेल, वरून अर्धं झाकलेलं, शांत खोली. पहिले एक-दोन तास पायाला हातसुद्धा लावू नका. ऊब आणि अंधार मिळाला की बरीचशी पिल्लं आपणहून सावरतात. मग पाणी. पाण्यात इलेक्ट्रोलाइटची पूड किंवा माणसांचं ओआरएस चालेल, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून. चोचीच्या कडेला एक थेंब लावायचा, ते जीभ हलवून गिळेल, मग पुढचा थेंब. सिरिंजने घशात पिचकारी मारू नका. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशी उघडंच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं.

अजून एक. हातात धरताना छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड वर-खाली झालं तरच हवा आत-बाहेर होते. घट्ट धरलेलं पिल्लू ‘शांत झालं’ असं वाटतं, प्रत्यक्षात ते गुदमरत असतं.

तुरेवाला
दाणापाणी यांना +१. खोक्याबद्दल थोडी भर.

वर्तमानपत्र घालू नका, घसरतं. चांगला पाय पण फाकेल. खरखरीत टॉवेल किंवा कपाटात अंथरतात ती रबरी जाळीदार मॅट उत्तम. टॉवेलची एक गुंडाळी करून पिल्लाच्या भोवती अर्धगोल ठेवा, म्हणजे ते कुशीवर कलंडणार नाही, छातीवर नीट बसेल. कुशीवर पडून राहिलं तर श्वासाला त्रास होतो आणि धडपडीत पंखही दुखावतात.

उबेचं मात्र नीट समजून घ्या. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश लागतात आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवत आणतात, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हा हिशोब चालत्या पिल्लांचा आहे. दिवा एका कोपऱ्यात लावायचा, गरम झालं की पिल्लं लांब जातात, गार वाटलं की जवळ येतात. तापमान तीच ठरवतात, आपण फक्त सोय करतो. तुमच्या पिल्लाला लांब जाताच येत नाहीये. दिव्याखाली ठेवून तुम्ही झोपायला गेलात तर ते तिथेच भाजून निघेल. दीड महिन्याचं म्हणजे पिसं बऱ्यापैकी आली असणार, २६ ते २८ अंश पुष्कळ झाले. चोच उघडी टाकून धापा टाकत असेल, पंख अंगापासून सुटे धरले असतील तर ऊब लगेच कमी करा. बाटलीत कोमट पाणी भरून, फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवली तर दिव्यापेक्षा बरं. निदान आग तरी लागत नाही.

पाण्याचंही तसंच. खोल भांडं ठेवू नका. त्यात मान गेली आणि उठता आलं नाही तर उथळ पाण्यातही बुडतं.

शंकासुर
माझ्या नावाला जागून एक शंका. जाळीत पाय अडकला म्हणून पाय गेला, की पाय आधीच गेला होता म्हणून जाळीत अडकला? दीड महिना हे वय मरेक्सचं, म्हणजे कोंबड्यांचे पाय लुळे पाडणाऱ्या विषाणूच्या रोगाचं आहे. एक पाय पुढे आणि एक मागे असा ताणून बसतंय का? लस दिली होती का? उगाच घाबरवत नाही, पण मरेक्स असेल तर बाकीच्या पिल्लांचा प्रश्न आहे.

रानजाई
सगळ्यांचे आभार. खोक्यात ठेवलंय, पाणी प्यायलं, आता डोळे मिटून बसलंय.

शंकासुर, काल संध्याकाळपर्यंत हेच पिल्लू सगळ्यात पुढे पळत होतं. एक पाय पुढे-एक मागे असं नाही, दुखरा पाय पोटाशी अर्धवट ओढून धरतं. लसीचं माहीत नाही, मोठं झाल्यावर आणलेत. पाय हळूच दुमडला की बोटं आपोआप मिटतात, म्हणजे नसा शाबूत आहेत ना?

जुना पशुवैद्य
नमस्कार. आता प्रॅक्टिस करत नाही, पण पाय या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. फोटोवरून किंवा वर्णनावरून निदान करत नाही. तुमच्या डॉक्टरांनी हातात घेऊन बघेपर्यंत तुम्हाला काय बघता येईल तेवढं सांगतो.

पहिलं, बोटं मिटतात त्यावर विसंबू नका. कोंबडी दांडीवर झोपते आणि पडत नाही, ते याच रचनेमुळे. बोटं आवळणारे स्नायुबंध घोट्याच्या मागून जातात, घोटा दुमडला की ते ताणले जाऊन बोटं मिटतात. मज्जातंतू निकामी असला तरी मिटतील. तपासायचं असेल तर मधल्या बोटाला नखाजवळ हलका चिमटा घ्या आणि पायाकडे नाही, तोंडाकडे बघा. पाय नुसता आखडणं ही मणक्यातून येणारी प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. पिल्लू दचकलं, ओरडलं, मान वळवून तुमच्या हाताला चोच मारली, तर दुखल्याचं मेंदूपर्यंत पोचतंय. ही चांगली खूण.

दुसरं, सांध्यांची नावं. कोंबडीचा जो ‘उलटा वाकलेला गुडघा’ दिसतो तो गुडघा नाहीच, तो घोटा. खरा गुडघा वर पोटाच्या पिसांत दडलेला असतो. तुमच्या वर्णनात सूज घोट्याला आहे. आता दोन्ही पाय शेजारी धरून बोटांपासून वर वर या. आधी चांगला पाय चाचपा, मग दुखरा, म्हणजे हाताला फरक कळतो. तळव्यात काळी खपली आहे का? (असली तर ‘बंबलफूट’, जिवाणूंचा गळू. पण तो एका रात्रीत होत नाही.) नडगी मध्येच वाकते का, हाताला करकर लागते का, पाय भलत्या दिशेला वळलाय का? यातलं काही असेल तर हाड मोडलंय, तिथेच थांबा, पुढे चाचपू नका. घोट्याच्या मागच्या बाजूला मधोमध एक दोरीसारखा जाड स्नायुबंध लागला पाहिजे. तो बाजूला सरकला असेल, घोटा मागून चपटा आणि रुंद लागत असेल आणि पाय बाहेर वळत असेल, तर तो स्नायुबंध खोबणीतून निसटलाय. हे मँगनीज किंवा कोलिन कमी पडलेल्या, भराभर वाढणाऱ्या पिल्लांत जास्त दिसतं, पण इजेनेही होतं. लवकर हात लावला तर जागेवर बसवता येतं. आठवडे गेले की खोबणीच बुजते.

शंकासुरांची शंका रास्त आहे. हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ साली या रोगाचं पहिलं वर्णन केलं, ते पाय लुळे पडलेल्या कोंबड्यांचंच होतं. विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो. लस अंड्यातच किंवा पिल्लू निघाल्याच्या पहिल्या दिवशी देतात. ती गाठी आणि लकवा टाळते, संसर्ग नाही. पण मरेक्समध्ये सांधा सुजत नाही, गरम होत नाही. लुळा पाय मऊ आणि सैल असतो. इथे एक सांधा गरम आहे, पिल्लू पाय पोटाशी धरतंय, म्हणजे ते दुखतंय म्हणून टेकवत नाहीये. मी इजेच्या बाजूने मत देईन. दुसरं पिल्लू लंगडायला लागलं तर मत बदलेन. मान पिरगळली, शीट हिरवी पाण्यासारखी झाली, एकदम बरीच पिल्लं मलूल झाली किंवा पटापट मरायला लागली, तर ती मानमोडी किंवा बर्ड फ्लूसुद्धा असू शकते. मग धाग्यावर न लिहिता आधी सरकारी पशुवैद्यकीय खात्याला कळवायचं.

पट्टी आत्ता बांधू नका. सूज वाढत असताना बांधलेली पट्टी फास होते.

उगाच काहीतरी
डॉक्टरसाहेब, हाड मोडलंय असं वाटलं आणि डॉक्टर परवाच येणार असले तर? दोन दिवस तसंच लटकतं ठेवायचं?

जुना पशुवैद्य
तसंच नाही. पाय नैसर्गिक दुमडलेल्या स्थितीत पोटाशी येईल असं पिल्लू मऊ फडक्यात बसवायचं, हालचाल बंद. बहुतेक वेळा एवढं पुरतं. फक्त घोट्याखालची नडगी मोडलेली असेल तरच घरच्या घरी तात्पुरता आधार देता येतो. कापसाचा पातळ थर, त्यावर दोन बाजूंनी हलक्या काड्या किंवा प्लास्टिकची नळी उभी चिरून, त्यावर स्वतःलाच चिकटणारी पट्टी. पिसांना चिकटणारी टेप नको. आधार मोडलेल्या जागेच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही सांध्यांना धरून हवा, नुसत्या मोडक्या जागेवर बांधला तर तो तरफेचं काम करतो आणि अजून मोडतो. बोटं उघडी ठेवायची. बोटं गार पडली, सुजली, रंग बदलला तर पट्टी ताबडतोब सोडायची.

मांडीचं हाड किंवा पंखाचं हाड मोडलं असेल तर घरी काहीच करू नका. आणि पंखाच्या वरच्या हाडावर उघडी जखम असेल तर ती पाण्याने धुऊ नका. ते हाड पोकळ असून हवेच्या पिशव्यांना जोडलेलं असतं, जखमेत घातलेलं पाणी श्वसनमार्गात जातं.

पिल्लांची हाडं भराभर जुळतात, साधारण ३ आठवड्यांत. पण पिल्लू त्याच वेळी वाढतही असतं. आज सैल वाटणारी पट्टी चार दिवसांनी काचते, हे लोक विसरतात.

माळरान
गोळीचं कुणी बोललंच नाही. आमच्याकडे पॅरासिटामॉल चिमूटभर देतात.

जुना पशुवैद्य
देऊ नका. चिमूटभर म्हणजे किती, हेच कुणाला सांगता येत नाही आणि पिल्लू असतं काही शे ग्रॅमचं. माणसांच्या दुखऱ्या गोळ्यांपैकी डायक्लोफेनॅक तर घरातून बाहेरच ठेवा. ते दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली आणि दक्षिण आशियात जवळजवळ संपली. कोंबडीच्या मूत्रपिंडालाही ते घातक आहे. पक्ष्यांना मेलॉक्सिकॅम वापरतात, पण वजन करून, पिल्लाला पुरेसं पाणी मिळालंय हे बघून, आणि डॉक्टरांनी मात्रा ठरवून. आणि कुठलंही औषध दिलं की त्या कोंबडीचं अंडं किंवा मांस किती दिवस वापरायचं नाही, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

जखमेवर लावायच्या मलमाची नळी नीट वाचा. बधिर करणारं, नावाच्या शेवटी ‘केन’ असलेलं औषध त्यात असेल तर ते मलम नको. पक्ष्यांना ते लवकर बाधतं.

चिवचिव
जखमेबद्दल मी लिहिते, कारण माझ्याकडे टोचलेल्या कोंबड्या कायम असतात. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, याने धुवा. भोवतालची पिसं कातरून टाका, उपटू नका. मग पोव्हिडोन आयोडीन फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड उघड्या मांसावर नको, भरून येणारी कातडीच जळते. पूड किंवा जाड लेप थापू नका, खाली ओल धरते आणि वरून छान वाळलेलं दिसतं.

माशा! हे सगळ्यात महत्त्वाचं. बसून राहिलेलं पिल्लू, अंगाला लागलेली शीट, उघडी जखम, म्हणजे माशांना आमंत्रण. अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा टाका आणि सकाळ-संध्याकाळ पिल्लू उलटं करून शेपटीखाली बघा. पांढरट बारीक दाण्यांचा पुंजका दिसला तर तीच अंडी.

रानजाई
चिमटा घेतला. चांगलीच चोच मारली! नडगी सरळ आहे, करकर नाही. मागचा दोरा मधोमध लागतोय असं वाटतं. जखम धुतली, दाणापाणी यांनी सांगितलं तसं थेंबथेंब पाणी देतेय. खाणं मात्र कमी. पोटात जातंय की नाही कसं कळणार?

दाणापाणी
मानेच्या बुंध्याशी, उजव्या बाजूला अन्नपिशवी असते. संध्याकाळी ती भरलेली, हाताला मऊ-टणक लागली पाहिजे आणि सकाळी रिकामी. सकाळी भरलेलीच असेल तर पुढे सरकत नाहीये, मग वरून भरवू नका.

तुम्ही जे खाद्य रोज देता तेच कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखं करा, त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून. अंगठ्याएवढ्या झाकणात थोडं थोडं, दिवसातून बऱ्याच वेळा. उरलेलं टाकून द्या, आंबतं. झाकण चोचीच्या उंचीवर हवं, जमिनीवर ठेवलं तर त्याला पुढे झुकावं लागतं आणि तोल जातो. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य देऊ नका, त्यात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असतं. पिल्लाला साधारण १ टक्का पुरतो, जास्तीचा मूत्रपिंडाला भारी पडतो.

रोज सकाळी खाण्याआधी वजन करा. पिसांमुळे पिल्लू बारीक झालेलं डोळ्याला दिसत नाही, काट्याला दिसतं.

शंकासुर
व्हिटॅमिनचे थेंब द्यावेत का? ‘पाय गेला की बी-कॉम्प्लेक्स’ असं सगळीकडे वाचतो.

जुना पशुवैद्य
बोटं आतल्या बाजूला मुठीसारखी वळली असतील, दोन्ही पायांची, आणि पिल्लू घोट्यांवर बसून चालत असेल, तर रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ कमी पडलंय. तिथे बी-कॉम्प्लेक्सचा खरंच उपयोग होतो, लवकर दिलं तर. जाळीत अडकलेल्या पायावर तो उपाय नव्हे. दिलं तर फारसं बिघडत नाही, एवढंच. अपवाद एक. रक्ती हगवणीसाठी अँप्रोलियम चालू असेल तर त्याच वेळी बी-१ देऊ नका. ते औषध बी-१ची नक्कल करूनच ही हगवण आणणाऱ्या परजीवीला उपाशी मारतं.

आणि तोल जातोय, मान मागे पडतेय, डोकं थरथरतंय अशा पिल्लाला लंगडं म्हणू नका. तो पायाचा नाही, मेंदूचा प्रश्न असतो.

रानजाई
घाबरून लिहितेय. डॉक्टर अजून आले नाहीत. सूज जरा कमी आहे, पण घोट्याभोवतीची कातडी आणि मांडीचा आतला भाग चक्क हिरवा झालाय. शेवाळी हिरवा. पाय सडतोय का?

जुना पशुवैद्य
बोटं गरम आहेत? चिमट्याला प्रतिसाद आहे? वास नाही? मग सडत नाहीये. तो मुका मार आहे. आपल्या अंगावरचा मार निळा, हिरवा, मग पिवळा होतो. पक्ष्यांकडे हिरव्याचं पिवळं करणारं विकर नसतं, म्हणून त्यांचा मार हिरव्यावरच थांबतो आणि तसाच विरत जातो. साधारण दोन-तीन दिवसांनी हा रंग चढतो, तुमच्या पिल्लाचं वेळापत्रक बरोबर जमतंय. सडलेला पाय काळा, गार, कोरडा किंवा घाण वासाचा असतो आणि त्यात संवेदना नसते.

चिवचिव
ही माहिती मला इतकी वर्षं कोंबड्या पाळून नव्हती! वाचनखूण साठवली.

उगाच काहीतरी
प्रामाणिकपणे विचारतो, राग मानू नका. एका पिल्लासाठी एवढा खटाटोप?

तुरेवाला
धागा उघडून वाचायला तुम्हालाही वेळ मिळालाच की. ज्याला करायचंय त्याला करू द्या.

रानजाई
डॉक्टर येऊन गेले. हाड मोडलेलं नाही. घोट्याचे बंध ताणले गेलेत आणि मांडीच्या स्नायूला मार आहे म्हणाले. मेलॉक्सिकॅम वजनावर मोजून दिलं, जखमेवर जांभळं औषध लावलं. (लाल दिसलं नाही की बाकीच्या टोचत नाहीत म्हणे.) विश्रांती द्या, पण पूर्ण बसवूनही ठेवू नका, असं सांगून गेले. आता हे दोन्ही एकदम कसं करायचं? दिवसभर बसून छातीची पिसं ओली होतात, चांगल्या पायाचा घोटासुद्धा लाल दिसायला लागलाय.

चिवचिव
झोळी करा. माझा आवडता विषय, जरा लांबण लावते.

एक जुनी मऊ सुती बनियन किंवा टी-शर्टचं कापड घ्या, पिल्लाच्या अंगाच्या दुप्पट लांब. त्यात दोन पायांसाठी दोन भोकं आणि मागे शेपटीखाली एक मोठं भोक, शीट खाली पडण्यासाठी. हे तिसरं भोक लोक विसरतात आणि मग झोळीतच सगळं लडबडतं. कापडाची दोन टोकं दोन काठ्यांना बांधून काठ्या खोक्याच्या काठांवर आडव्या टेकवायच्या. उंची अशी ठेवायची की पंजे जमिनीला जेमतेम पूर्ण टेकतील. लटकता पाय नको आणि गुडघ्यात दुमडलेलाही नको. पंजा सपाट टेकला की पिल्लू आपसूक पाय दाबून बघतं, पाहिजे तेवढाच भार घेतं, नको झालं की झोळीत सोडून देतं. पुढ्यात पाणी आणि खाणं, छातीच्या उंचीवर.

पहिल्यांदा घातलं की बहुतेक पिल्लं फडफडतात. अंगावर हलकं फडकं टाकून अंधार केला की थांबतात. दहा-पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा, दिवसातून काही वेळा, आणि तुम्ही खोलीत असतानाच. छातीच्या हाडावर कापडाचा कड येऊ देऊ नका. बाहेर काढलं की छाती चाचपून बघा, लालसर पट्टा दिसला तर आत मऊ फडकं घाला.

जुना पशुवैद्य
झोळी उत्तम. त्यात असतानाच दुखऱ्या पायाची बोटं हळूच उघड-मिट करा, घोटा वाकवा-सरळ करा. जिथे पिल्लू पाय ओढून घेतं तिथे थांबायचं, त्यापुढे नाही. झोळीच्या मधल्या वेळेत त्याला दर थोड्या वेळाने बाजू बदलून बसवा. निरोगी कोंबडी दिवसभर शेकडो वेळा जागा बदलते. हिच्यासाठी ते तुम्ही करायचं, अंथरूणही तुम्हीच बदलायचं. ओल्या शिटेतला अमोनिया कातडी जाळतो, छातीवरचे फोड बहुतेक वेळा तिथून सुरू होतात.

कोमट पाण्यात पोहवण्याचा सल्ला इथे कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. जखम बंद होईपर्यंत नको. नंतरही पिसं अर्धवट असलेल्या पिल्लाला गारठा चटकन बसतो. पूर्ण सुकवता येणार असेल तरच.

माळरान
आणि समजा झालंच नाही बरं, तर कुठे थांबायचं? हे कुणी लिहीत नाही म्हणून विचारतोय. माझ्या भावाकडे दोन्ही पाय गेलेली कोंबडी महिनोन्‌महिने खोक्यात होती. बघवत नव्हतं.

जुना पशुवैद्य
विचारलंत ते बरं केलंत. एका पायाने कोंबडी जगू शकते. जड जातीची फार काळ नाही, कारण चांगल्या पायाच्या तळव्याला फोड येतात, पण हलक्या बांध्याची नीट जगते. दोन्ही पायांत संवेदना नाही, आपणहून खाणं बंद, वजन रोज उतरतंय, औषध देऊनही सतत आक्रसून डोळे मिटून बसतंय, छातीला आणि घोट्यांना न भरणाऱ्या जखमा झाल्यात, यातल्या दोन-तीन गोष्टी जुळून आल्या की मी मालकाला सांगायचो, आता सोडवा. डॉक्टरांकडून इंजेक्शनने. घरी कुणी मान मोडणार असेल तर ते काम येणाऱ्यानेच करावं. अर्धवट जमलेलं सगळ्यात वाईट. तुमच्या भावाने वाईट हेतूने ठेवली नसणार. आशा असते.

रानजाईंचं पिल्लू या यादीच्या जवळपासही नाही.

रानजाई
वाचून हायसं वाटलं. झोळी जमली, पंजा सपाट टेकवतंय. वजन सुरुवातीला उतरलं होतं, आता चढतंय. पण एकटं असलं की सारखं ओरडतं, आरसा ठेवलाय तर त्याच्याशीच बोलत बसतं. परत इतरांत कधी सोडू?

तुरेवाला
आरसा काढा आणि खरं पिल्लू आणा. कळपातलं सगळ्यात गरीब एखादं शेजारी ठेवा, मध्ये जाळी. खोकंच उचलून दिवसा खुराड्याजवळ नेऊन ठेवलं तर अजून बरं. फार दिवस दिसलं नाही तर ओळख पुसते, परत गेल्यावर ते परकंच ठरतं आणि सगळा क्रम नव्याने लागतो.

सोडायचं ते जखम पूर्ण बंद झाल्यावर आणि ते पळू शकत असेल तेव्हाच. नुसतं चालता येणं पुरेसं नाही, टोचायला आलेल्यापासून बाजूला होता आलं पाहिजे. खाण्या-पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे एका भांड्यावर राखण बसली तरी उपाशी राहत नाही. दांडी काही आठवडे अगदी खाली, वीतभर उंचीवर. वरून मारलेली उडी ताणलेल्या घोट्याला परत नेते.

आणि ती जाळी. दरवाज्याच्या चौकटीला जाळी मिळते तिथे फट राहतेच. वर लाकडी पट्टी ठोका.

नवखी
माझाही प्रश्न याच धाग्यात विचारते. काल निघालेल्या पिल्लांपैकी एकाचे दोन्ही पाय बाजूला फाकलेत, पोटावर पसरलंय. झोळी करू का?

चिवचिव
नाही, इतक्या लहानाला झोळी नको. खाली कागद किंवा गुळगुळीत पुठ्ठा असेल तर आधी तो काढून टॉवेल घाला. स्वतःला चिकटणाऱ्या पट्टीची अर्धा सेंटिमीटर रुंद चिंधी घेऊन दोन्ही पायांना, घोट्याच्या खाली, इंग्रजी आठाच्या आकारात गुंडाळा. मध्ये अंतर तेवढंच ठेवा जेवढं शेजारच्या उभ्या पिल्लाच्या पायांत दिसतं. फार जवळ बांधलं तर तोल जातो, फार लांब बांधलं तर उपयोग नाही. पट्टी पायावर सैल हवी, बोट लालभडक दिसलं तर सोडा. पडेल, उठेल, परत पडेल. पाणी उथळ झाकणात, त्यात खडे टाकून. रोज एकदा सोडून बघा, बहुतेक वेळा काही दिवसांत काम होतं. आजच बांधा. या वयात हाडं आणि बंध इतके कोवळे असतात की पहिल्या दोन-तीन दिवसांत सरळ होणारा पाय आठवड्याने होत नाही.

नवखी
पट्टी नाहीये, लोकर चालेल का?

चिवचिव
लोकर किंवा दोरा नको, काचतो. चिकटपट्टीचा तुकडा घ्या आणि मधला भाग, म्हणजे पायांमधला, दुमडून स्वतःवरच चिकटवा, म्हणजे पोटाची लव अडकणार नाही. काढताना कडेला जरा तेल लावा, सुटते.